गोळ्या गटारात टाकतेस ना?

"एचबी सात पॉइंट आठ. गोळ्या गटारात टाकतेस ना?" डॉक्टरांनी कार्डावरून मान वर न करताच विचारलं. मागच्या बाकावर ही गर्दी, त्यात आमच्याच गल्लीतल्या दोघी. मी म्हटलं, "नाही हो, रोज घेते." "सगळ्या हेच सांगतात," म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. मुलगा आता शाळेत जातो, पण ते वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं.

सातवा महिना होता. थोरली अंगावर पीत होती तेवढ्यात पुन्हा दिवस राहिले. दोन बाळंतपणांत अंतर नाही, त्याआधी पाळीला अंगावरून भरपूर जायचं. रक्त कमी पडायला आणखी काय लागतं? पण हे कुणी विचारलंच नाही.

आणि विचारायला हवं होतं ते भलतंच. तिसऱ्या महिन्यापासून मला पाटीवरच्या पेन्सिली खाव्याशा वाटायच्या. आधी पुतण्याच्या दप्तरातली एखादी, नुसतं टोक. मग आख्खी. दाताखाली कुरकुरली की जिवाला बरं वाटायचं. सासूबाईंनी दुकानातून पुडकंच आणून दिलं. डोहाळे आहेत, पुरवायला नकोत? डोहाळजेवणाला जावेने माझ्या ताटात लाडवाशेजारी पेन्सिल ठेवली. सगळ्या हसल्या, मीही हसले. फोटो आहे त्याचा. जिना चढताना धाप लागायची, तर दोन जिवांची आहे, लागणारच. नखं पांढरी पडली, तर उन्हात जात नाही म्हणून गोरी झाली.

आयर्नची इंजेक्शनं लिहून दिली, तेव्हा कुठे एका वयस्कर सिस्टरने माझी खालची पापणी ओढून पाहिली. "माती, खडू काही खातेस का गं?" मी लाजून पेन्सिलीचं सांगितलं. "डोहाळे कसले! लोह कमी पडलं की अशा वस्तू खाव्याशा वाटतात. बरं, गोळी कशाबरोबर घेतेस?" म्हटलं, जेवल्यावर, कॅल्शियमच्या गोळीबरोबरच, आणि वर चहा. त्यांनी कपाळाला हात लावला. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. दोन गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं, चहा लांब ठेवायचा, लिंबूपाणी चालेल. दोन्ही गोळ्या मला एकाच कागदात बांधून मिळाल्या होत्या! हे एवढं सांगायला जितका वेळ लागला असता, तितकाच मला खोटारडी ठरवायला लागला.

घरी बीट सुरू झालं. बीट लाल म्हणून रक्त वाढतं, हा हिशोब कुणी काढला देव जाणे. पालेभाज्या, कडधान्यं, मटण, सगळं खावं. पण आठाच्या खाली गेलेलं एचबी सातव्या महिन्यात नुसत्या जेवणाने वेळेत भरून येत नाही. मला एक दिवसाआड सलाईनमधून आयर्न सुक्रोज दिलं, काळ्या चहासारखं दिसणारं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. एवढ्या सगळ्या गोळ्या गटारात टाकतात का?

आता खरं सांगायचं तर काही टाकतातही. माझ्या जावेनेच टाकल्या होत्या. मळमळतं, संडासला काळी होते, आणि वर कुणीतरी सांगितलं की बाळ काळं होतं. तेव्हा डॉक्टर अगदीच हवेत बोलले नव्हते. एका सकाळी एवढ्या बायका तपासायच्या म्हणजे माणूस वैतागणारच. कधी कधी मला त्यांचा राग येईनासाही होतो. पण मग त्या बाकावरच्या बायका डोळ्यांपुढे येतात. माझं ऐकून त्यातल्या एकीने तरी "मला गोळीने मळमळतं" असं तोंड उघडून सांगितलं असेल?

बाळंत झाले तेव्हा एचबी दहाच्या जरा वर होतं. मुलाचं वजन २ किलो ३०० ग्रॅम भरलं, अडीचच्या खाली, म्हणजे कमीच. आणि गोळ्या तिथे संपत नाहीत. बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, नेमक्या त्याच दिवसांत सगळं घर बाळाभोवती असतं. घरात बाळंतीण असेल तर तिला गोळी घेतलीस का, हे रोज विचारा, आणि कशाबरोबर घेतलीस, तेही.