कव, पापलेट आणि गुणांचा हिशोब

संपादकांना माझ्याकडून ‘यंत्रं माणसाला गिळतील का?’ यावर लेख हवा होता. मला त्याहून वसईच्या समुद्रातला कवांचा, म्हणजे जाळी बांधायच्या खांबांचा, जुना वाद जास्त छळतो, आणि माझ्या कामाचा गाभाही तिथेच आहे.

माझं काम शिकणाऱ्या प्रोग्रामांचं; अशा प्रोग्रामला आम्ही एजंट म्हणतो. काय करायचं ते त्याला सांगत नाही, कशाला किती गुण एवढंच ठरवतो. २०१६ साली ओपनएआयचा एक एजंट बोटींच्या शर्यतीत शर्यत सोडून एकाच जागी गोल फिरत गुण गोळा करत राहिला, कारण गुण वाटेतल्या निशाण्यांना होते. लोक म्हणतात यंत्र लबाड. त्यात यंत्राचा काय दोष? मागितलं तेच त्याने दिलं.

अनेक एजंट एका पाण्यात उतरले की कोडं अवघड होतं. वसई-अर्नाळ्याचे डोलवाले समुद्रतळात कव ठोकून जाळी बांधतात. सातपाटीकडच्या दालदीवाल्यांना जाळी वाहती सोडायला मोकळं पाणी लागतं. डोलीतून ओतलेल्या बोंबील-जवळ्याच्या ढिगात कधी अंगठ्याएवढी पापलेटची पिल्लं चमकतात. इथे त्यांना भाव नाही. वाढली असती तर कुणाच्या तरी दालदीत लागली असती. नुकसान एकाच्या जाळ्यात होतं, झळ दुसऱ्याला बसते.

‘मग सगळ्यांना मिळून एकच गुण द्या,’ असं प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी सुचवतं. या सूचनेशी माझं कायमचं भांडण आहे. शेकडो होड्यांच्या बेरजेत माझ्या एका जाळ्याचा परिणाम दिसतच नाही. एजंट शिकणार कशावरून? काही तर दुसऱ्यांच्या कष्टावर आळशी होतात. वोल्पर्ट आणि तुमर या संशोधकांची रीत मला पटते: सगळ्यांचा एकूण लाभ, उणे मी नसतो तर झाला असता तो लाभ. उरेल तो माझा गुण. पिल्लं मारणाऱ्याचा हा गुण शून्याखालीही जाऊ शकतो.

पण ‘एकूण लाभ’ म्हणजे काय? २०१७ साली डीपमाइंडच्या संशोधकांनी सामाईक सफरचंदांच्या खेळात एजंट सोडले. आधी त्यांनी बाग ओरबाडली. पुढे ते एकमेकांना खेळाबाहेर काढायला शिकले, तेव्हा झाडं सावरली. बेरीज सुधारली, विषमता वाढली. नुसती बेरीज पाहणाऱ्याला हा विजय वाटेल. मला तो वाटत नाही.

राज्याने २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि पकडण्याची किमान लांबी १३५ मिलिमीटर केली. हेतू चांगलाच आहे. पण डोल ओढून होडीत घेतली तोवर पिल्लू बहुतेक मेलेलंच असतं. तेव्हा केलेला दंड शिकवण म्हणून उशिरा पोचतो. निर्णय त्याआधीच झालेला असतो: कव कुठे ठोकला, जाळ्याचा आस केवढा, कोणत्या महिन्यात. गुण तिथे जोडायला हवेत. पिल्लाची किंमत किती धरायची, हे मात्र डोलवाले आणि दालदीवाले समोरासमोर बसून ठरवोत. कोणत्या आकड्याने कुणाची जाळी रिकामी राहील, ते मी मांडून दाखवीन.