बोटांची हजेरी
निवृत्तीनंतर सुतारकामाची हौस उपटली आणि मी विजेची गोल करवत आणली. गॉगल, हातमोजे असा जामानिमा करून उभा राहिलो, तर मिस्त्री म्हणाले, “साहेब, गॉगल राहू द्या, हातमोजे उतरवा. पातं आधी मोजा धरतं, मग हात ओढतं.” पात्याजवळ फळी रेटायला हात नाही, लाकडी दांडकं, ही दुसरी अट.

फळी कापली, बटण बंद केलं आणि भुसा झटकायला हात पुढे नेला. मिस्त्री असे खेकसले, की नोकरीत आमचा साहेबही कधी तसा खेकसला नव्हता! “बटण बंद झालंय, पातं नाही!” खरंच, ते मुकाट्याने गरगरत होतं. पाय लटपटले हो!

हल्ली पातं बदलताना मी प्लग काढून हिच्या हातात देतो. चहा देताना ही माझी बोटं मोजते. काल नऊच भरली म्हणून किंचाळली. दहावं कपाच्या कानात होतं.