पावसाच्या गावची लाकडी घरे

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बर्गेन हे सात डोंगरांच्या कुशीतले बंदर. मुंबईकराला पावसाचे नवल ते काय, असे आपण म्हणतो. पण आपला पाऊस चार महिन्यांचा पाहुणा, इथला घरजावई! वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक, आणि तोही बाराही महिने. अशा गावात घरे असावीत दगडाची. पण जुन्या वस्तीत जिकडेतिकडे लाकडाचीच. पांढरी, पिवळी, तांबडी. ती पाहताना राहून राहून एकच प्रश्न पडतो : ही कुजत कशी नाहीत?

उत्तर मिळाले एका चढणीच्या गल्लीत. एक वयस्क सुतार घराच्या बाहेरच्या भिंतीवर उभ्या फळ्या मारीत होते. तिकडे या पद्धतीच्या नावाचा अर्थच मुळी ‘सुताराचा पेहराव’. आधी वारा अडवणारे अस्तर, त्यावर पट्ट्या. मग फळ्यांचा पहिला थर मध्ये फटी सोडून मारायचा आणि प्रत्येक फटीवर दुसरी फळी, दोन्ही कडांवर बोटभर चढेल अशी बसवायची. पाणी लाकडाच्या रेषांबरोबर सरळ खाली उतरते.

गंमत आहे ती खिळ्यांत. आतल्या फळीला रुंदीच्या मध्यावर खिळा. बाहेरच्या फळीचा खिळा फटीतून थेट मागच्या पट्टीत. तो आतल्या फळीत शिरता कामा नये.

“दोन्ही एकत्रच ठोकल्या तर?” मी विचारले.

आजोबांनी उत्तरादाखल कोपऱ्यातली एक जुनी फळी उचलून दाखवली. ती उभी चिरली होती. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, वाळले की आकसते. दोन फळ्या एकाच खिळ्याने जखडल्या, तर त्या एकमेकींना फाडतात. एकत्र कुटुंबाचेही असेच नाही का? एका छपराखाली राहावे, पण ज्याला त्याला हलायला जागा हवी!

फळ्यांच्या मागे हवा खेळायला वाट ठेवतात. खालची टोके जमिनीपासून फूटभर वर, तिरकी कापलेली असतात. थेंब तिथून पागोळीसारखा गळतो. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः टोकांनी.

हे शहाणपण फार जुने. नॉर्वेतल्या पहिल्या लाकडी चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत, ते कुजले. पुढच्या सुतारांनी दगडांवर आडव्या तुळया ठेवून त्यांवर खांब आणि उभ्या फळ्या उभारल्या. बाराव्या शतकाच्या अखेरीचे बोरगुंडचे चर्च डांबर माखून अजून उभे आहे.

बर्गेनच्या धक्क्यावरची ‘ब्रिग्गेन’ ही व्यापाऱ्यांची जुनी वस्ती १७०२ च्या आगीत भस्मसात झाली; लोकांनी ती जुन्याच आखणीवर पुन्हा बांधली. १९५५ मध्ये पुन्हा आग लागून तिचा काही भाग गेला. उरलेली घरेही पाडावीत, असे म्हणणारे होते. ती राखावीत, असे म्हणणारे अधिक चिवट निघाले. जळालेल्या जागेच्या उत्खननात रूनी लिपीतले शेकडो लेख सापडले; १९७९ मध्ये ब्रिग्गेन जागतिक वारशाच्या यादीत गेले.

आज तिथल्या अरुंद बोळांतून हिंडताना काळवंडलेल्या फळ्यांशेजारी एखादी कोरी, पिवळसर फळी दिसते. जेवढे कुजले तेवढेच बदललेले. दोनशे वर्षांची शेजारीण आणि काल आलेली सून एकाच भिंतीत नांदत असतात, आणि बाहेर पाऊस पडतच असतो.