नापासांच्या शाळेकडे जाताना

पुण्याहून नगरला निघालेली एसटी रांजणगावचा गणपती आणि शिरूर मागे टाकून घोड नदी ओलांडते, तेव्हा जिल्हा बदलतो. विद्यापीठ बदलत नाही. पुणे, नगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे १९४९ सालच्या पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदराखाली. त्याआधी इथल्या पोरांची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. कराचीपासून धारवाडपर्यंतचा मुलूख तेव्हा त्या एका विद्यापीठाकडे होता.

वाडेगव्हाणच्या फाट्यावर उतरलं की राळेगणसिद्धी जवळच. हा पारनेर तालुका. पांडुरंग महादेव बापट, पुढे सेनापती बापट म्हणून ओळखले गेलेले, १८८० साली पारनेरात जन्मले. डेक्कन कॉलेजात शिकले, मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली एडिंबरोला गेले. तिथे हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यावर भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. विद्येच्या पैशाला कुणाची दोरी बांधलेली असते, हे या तालुक्याला तेव्हाच कळलं असणार.

गावात शिरल्यावर आधी लागतं ते यादवबाबांचं मंदिर. लष्करात ड्रायव्हर असलेले किसन बाबुराव हजारे, म्हणजे अण्णा, १९७५ साली निवृत्त होऊन परतले, तेव्हा या देवळाची लाकडं गावकऱ्यांनी दारूच्या भट्ट्यांत घातली होती. अण्णांनी स्वतःचे पैसे घालून देऊळ उभं केलं आणि तिथेच बस्तान मांडलं. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची धार गेली आहे. मला ओढ होती ती शाळेची.

संत यादवबाबांच्या नावाने १९७९ मध्ये शिक्षण मंडळ निघालं. शाळेला मान्यता मिळेना, म्हणून १९८० साली अण्णा नगरच्या जिल्हा परिषदेसमोर उपोषणाला बसले. लोकपालासाठी रामलीला मैदानावर बसले त्याच्या तीन दशकं आधीची ही गोष्ट. पुढे या शाळेने आणि वसतिगृहाने असा नियम धरला की बाहेरगावच्या नापास, शाळा सुटलेल्या, कुणाला नको असलेल्या पोरांना आधी जागा. आवारात एक पोरगा बादलीने रोपांना पाणी घालत होता. अळं फुटलं की बादली खाली ठेवायचा, हाताने माती सारखी करायचा आणि मग पुढच्या रोपाकडे. ‘कितवीत?’ विचारलं. ‘आठवीत. दुसऱ्यांदा,’ म्हणाला, जराही न लाजता.

आपल्याकडे विद्यापीठाची सुरुवातच नेमकी याच्या उलट्या टोकाने झाली. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकमधून महादेव गोविंद रानडे वर आले. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे, मोडक हे पहिले बी. ए. झाले. चाळणी उत्तम होती, यात वाद नाही. पण चाळणीतून खाली पडलेल्यांचं काय करायचं, याचं उत्तर तिच्या कायद्यात नव्हतं. अजूनही नाही.

आणि चाळणी धरणारे हात कुणाचे? सुरुवातीचे फेलो सरकारने नेमलेले, तेही तहहयात. १९०४ साली कर्झनने विद्यापीठ कायद्याने पकड आणखी आवळली. गोखल्यांनी कायदे मंडळात कडाडून विरोध केला, तरी कायदा झाला. आजच्या २०१६ च्या महाराष्ट्र कायद्यात कुलपती म्हणजे राज्यपाल. कुलगुरू तेच नेमतात, शोध समितीने सुचवलेल्या नावांतून. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा जण असतात. अंदाजपत्रकावर तिथे भाषणं होतात. रोजचा कारभार व्यवस्थापन परिषदेच्या हातात. बोलोन्याच्या जुन्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचीच मंडळी गुरुजी नेमायची आणि तासाला उशिरा आलेल्या गुरुजींना दंड करायची. आज एखाद्या प्राचार्यांना हे सांगून पाहावं.

राळेगणात कारभार ग्रामसभेचा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान अशी पाच सूत्रं इथे सगळ्यांच्या देखत ठरली. पण त्याचं फार कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. दारू पिऊन आलेल्यांना याच देवळाच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारलं जाई. अण्णांनीही ते नाकारलेलं नाही. पंचायतीची निवडणूक कित्येक वर्षं बिनविरोध झाली. सभा सगळ्यांची आणि शब्द एकाचा, हे चित्र विद्यापीठांनाही अनोळखी नाही.

गावामागच्या उतारावर चर आणि नालाबांध पाहत हिंडताना वाटलं, इथला खरा अभ्यासक्रम हा. चरात साचलेल्या गाळावर ओल होती, त्याच्या वरच्या अंगाला कोरडा मुरूम. पाण्याचा धडा अण्णांना मिळाला तो कुठल्या विद्यापीठात नाही, पुरंदरच्या नायगावात. तिथे विलासराव साळुंखे या इंजिनिअर उद्योजकाने पाणी पंचायत उभी केली होती. पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणशी वाटायचं. माणसामागे अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. हे काम खरं तर कृषी विद्यापीठांच्या वाट्याचं. अमेरिकेतल्या १८६२ च्या कायद्यापासून पुढे वाढत गेलेली कल्पना अशी की अध्यापन आणि संशोधनाबरोबर विस्तारही, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणंही, विद्यापीठाचंच काम. त्याच वाटेने महाराष्ट्रात १९६८ साली कृषी विद्यापीठ निघालं, आणि आज महात्मा फुल्यांच्या नावाचं विद्यापीठ याच जिल्ह्यात राहुरीला आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या अण्णांना पुढे गांधीग्राम ग्रामीण विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. पदवी अशी मागाहून आली, काम आधी.

परतीच्या एसटीत नगरहून आलेली तीन पोरं होती, स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं मांडीवर घेऊन. तिघंही पुणे विद्यापीठाचे पदवीधर. अधिसभेसाठी पदवीधर म्हणून नाव नोंदवलंय का, विचारलं. दोघांनी हसून मान हलवली. तिसऱ्याने विचारलं, ‘त्याचं काय काम असतं?’ घोड नदी येईपर्यंत मी त्याला अधिसभा, अंदाजपत्रक आणि ते दहा पदवीधर असं सगळं सांगत होतो. ऐकून घेतल्यावर त्याचा पुढचा प्रश्न: ‘फॉर्म ऑनलाइन असतो का?’