डर्बन ते पीटरमेरित्झबर्ग : बारा तासांचा रस्ता

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डर्बन हे मोठे बंदर आहे. तिथून आत, डोंगरांच्या पलीकडे पीटरमेरित्झबर्ग हे जुने शहर. दोन्हींना जोडणाऱ्या जुन्या रस्त्यावरून दरवर्षी एका रविवारी हजारो माणसे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत धावतात. या शर्यतीचे नाव कॉम्रेड्स मॅरेथॉन. नेहमीची मॅरेथॉन 42 किलोमीटरची असते, त्याहून लांब धावण्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. इथे अंतर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि पूर्ण करायला मुदत बारा तासांची.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफम नावाच्या सैनिकाने मरण पावलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ही शर्यत सुरू केली. 24 मे 1921 रोजी 34 जण निघाले, 16 जण पोहोचले. कॉम्रेड म्हणजे सोबती. साधारणपणे एका वर्षी शर्यत समुद्राकडून डोंगराकडे जाते आणि दुसऱ्या वर्षी डोंगराकडून समुद्राकडे. 9 जून 2024 ची शर्यत चढणीची होती, जवळजवळ 86 किलोमीटरची. आमचे हे तीत धावले आणि मी रस्त्याच्या कडेने गेले. पण हा रस्ता आमच्यासाठी डर्बनला नव्हे, चिपळूणच्या घरात सुरू झाला होता.

यांनी कॉम्रेड्सचे नाव काढले तेव्हा घरात तीन गोष्टी समोर होत्या. सासूबाईंचा उमराह राहिला होता. मोठी मुलगी दहावीत होती. आणि सरावाचे सर्वांत महत्त्वाचे महिने, मार्च आणि एप्रिल, यांत रमजान येत होता. यांची नोकरी शिक्षकाची, म्हणजे पैसाही मोजका. मी स्पष्ट सांगितले की नाही म्हणणार नाही, पण या तीन गोष्टींना धक्का लागता कामा नये. सासूबाई मात्र एवढेच म्हणाल्या, "बीबी हाजरा धावल्या त्या लेकरासाठी. तू कोणासाठी धावतोस, ते आधी ठरव."

ह. सलमान फारसी (रजि.) आणि ह. अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. अबू दरदा दिवसा रोजे ठेवीत, रात्रभर नमाज पढत आणि घराकडे त्यांचे लक्ष राहिले नव्हते. सलमान यांनी त्यांना समजावले की रबचा हक्क आहे तसा शरीराचाही आहे आणि घरच्यांचाही आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. जिथे नफल इबादतीलाही घरच्यांचा हक्क मारण्याची मुभा नाही, तिथे धावण्याची काय कथा? आमच्या घरात सगळे वेळापत्रक या एका गोष्टीवर बसवले गेले.

डिसेंबरमध्ये हे आईला उमराहला घेऊन गेले. तिचे गुडघे दुखतात, म्हणून सफा-मरवाच्या सातही फेऱ्या यांनी तिची व्हीलचेअर ढकलत केल्या. ते अंतर तीन किलोमीटरहून थोडे जास्त भरते. परतल्यावर शर्यतीसाठी जे पैसे उरले होते त्यात माझे तिकीट बसत नव्हते. ते मी माझ्या शिवणकामाच्या पैशांतून काढले.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली. पेपरच्या सकाळी धावायचे नाही, मुलीला केंद्रावर सोडायचे, हा नियम ठरला. 12 मार्चला पहिला रोजा झाला. त्या महिन्यात लांब सराव बंद ठेवला. तरावीहनंतर तासभर हळू धावणे, मग भरपूर पाणी, आणि सहरीपर्यंत झोप. कोकणातल्या उकाड्यात रोजा ठेवून दुपारी धावणे म्हणजे शरीराचा हक्क मारणेच. ईदनंतर मात्र रविवारी पहाटे तीनला हे घराबाहेर पडत आणि पोफळीवरून कुंभार्ली घाट चढत. फजर वाटेतल्या मशिदीत होई. उन्हे चढायच्या आत मी मुलाला मागे बसवून स्कूटरवर पाणी, खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन जाई. मग घरी येऊन हे झोपत नसत. रविवारचा बाजार यांचाच होता आणि तो यांच्याकडेच राहिला. मगरिब ते इशा हा वेळ मुलांचा होता. त्या वेळेत बूट दाराबाहेरच असत.

27 मे रोजी मुलीचा निकाल लागला, चांगला लागला, अल्हम्दुलिल्लाह. त्यानंतरच आम्ही बॅगा भरल्या. मुले सासूबाई आणि माझ्या बहिणीकडे राहिली.

डर्बनमध्ये पाऊल ठेवले की परके वाटत नाही. 1860 पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर इथे आणले गेले. मागून व्यापारी आले. त्यांनी बांधलेली ग्रे स्ट्रीटची जुमा मशीद आजही शहराच्या मध्यभागी बाजाराच्या गजबजाटात उभी आहे. त्या रस्त्याला आता डॉ. युसुफ दादू यांचे नाव आहे. उमगेनी नदीच्या काठी सूफी साहेबांची मशीद आणि दर्गा आहे. हे बुजुर्ग मूळचे आपल्या रत्नागिरीकडचे, 1895 मध्ये डर्बनला आले. कोकणी मुसलमानांची वस्ती केपटाउनला अधिक असली तरी काही घराणी इथेही आहेत. अशाच एका घरी आम्ही उतरलो. घरातल्या आजींचे आजोबा दाभोळच्या खाडीकाठचे. नातवंडे इंग्रजी बोलतात, पण ताटात तांदळाची भाकरी आली आणि आजींनी माझ्याशी मोडक्यातोडक्या कोकणीत सुरुवात केली.

त्याच आजींनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील चांगले धावत. दरवर्षी शर्यत बघायला रस्त्याच्या कडेला उभे राहत, पण उतरता येत नसे. 1975 पर्यंत या शर्यतीत अधिकृत प्रवेश फक्त गोऱ्या पुरुषांना होता. काळ्या लोकांना नाही, हिंदी लोकांना नाही, कोणत्याही रंगाच्या बाईला नाही. नियम बदलला तेव्हा वडिलांचे वय उलटून गेले होते. सोबत्यांच्या नावाने चाललेल्या शर्यतीत सोबती कोणाला म्हणायचे, हे ठरायला 54 वर्षे लागली.

जून म्हणजे तिकडचा हिवाळा. शर्यत सिटी हॉलसमोरून पहाटे साडेपाचला सुटणार होती. फजरची वेळ त्याच्या जेमतेम काही मिनिटे आधी सुरू झाली. गर्दीच्या कडेला फुटपाथवर काही मुस्लिम धावपटू भरभर नमाज उरकताना दिसले, त्यात हेही होते. बाकीच्या वक्तांचे काय करायचे, हे यांनी निघण्यापूर्वीच गावातल्या मौलानांना विचारून घेतले होते. मग हजारो गळ्यांतून 'शोशोलोझा' हे तिथले कामकऱ्यांचे गाणे उठले, ध्वनिक्षेपकावर कोंबडा आरवला आणि बंदूक झाली.

यजमानांच्या गाडीतून आम्ही आडवाटांनी पुढे गेलो. या रस्त्यावर पाच नावाजलेल्या चढणी आहेत: काउईज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि शेवटी पॉली शॉर्ट्स. पाचही डोंगरांची नावे तिथली लहान मुलेही सांगतात. बोथाज हिलवरून खाली 'हजार टेकड्यांची दरी' दिसते. नाव अतिशयोक्तीचे नाही. हिवाळ्याच्या उन्हात पिवळ्या गवताच्या टेकड्या एकामागे एक पसरत जातात. आपल्याकडे पाऊस संपल्यावर घाटमाथा दिसतो, त्याची आठवण झाली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरेच्या घरे उतरलेली होती. खुर्च्या, शेगड्या, भाजलेल्या मांसाचा धूर, पोरांच्या हातात संत्र्याच्या फोडी. पाणी छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून देतात. धावपटू दाताने कोपरा तोडून पितात. एका टेबलावर मीठ लावलेले उकडलेले बटाटे पाहिले आणि मला हसू आले. ड्रमंडच्या थोडे अलीकडे दरडीत एक कोनाडा आहे, आर्थर्स सीट. 1920 च्या दशकात पाच वेळा जिंकलेले आर्थर न्यूटन तिथे टेकत, असे सांगतात. धावपटू तिथे सलाम करतात, फूल ठेवतात. पुढे इंचांगाच्या बाजूला अपंग मुलांची शाळा आहे. ती मुले रस्त्याला लागून रांगेत बसतात आणि प्रत्येक धावपटूच्या हातावर टाळी देतात.

ड्रमंड म्हणजे साधारण निम्मा रस्ता. तिथे हे मला दिसले तेव्हा पावणेसहा तास होत आले होते. म्हणजे हाताशी फार वेळ नव्हता, कारण दुसरा अर्धा भाग सोपा नाही; उमलास रोडजवळ रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर जातो. मी पाणी दिले. यांनी विचारले, "घरी फोन केलास?" मी म्हटले, "केला. अम्मी तस्बीह घेऊन बसल्यात." एवढेच बोलणे झाले.

शेवट पीटरमेरित्झबर्गच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर होता. महिलांमधील विजेती गेर्डा स्टाइन सहा तासांच्या आत येऊन केव्हाच निघून गेली होती. पण गर्दी हलत नव्हती. कारण इथे लोक शेवटच्यांसाठी थांबतात. सूर्य मावळायला आला तेव्हा हे आले, 11 तास 28 मिनिटांत. अकरा ते बारा तासांत पोहोचणाऱ्यांना मिळणाऱ्या पदकाला विक क्लॅफमचेच नाव आहे. मगरिब आम्ही मैदानाच्या कडेला गवतावर अदा केली.

साडेपाचला एक पदाधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने बंदूक झाडली. पाठ करून, म्हणजे कोण किती जवळ होते ते त्याला दिसू नये. त्या क्षणी रेषेपासून पाच-सहा पावलांवर एक मनुष्य होता. त्याला पदक नाही, निकालात नाव नाही. त्याची बायको आणि दोन मुले कठड्यापलीकडून धावत त्याच्यापाशी गेली. तो मुलाच्या खांद्यावर हात टाकून चालत बाहेर गेला. त्यांच्या घरीही सहा महिने कोणीतरी पहाटे उठले असेल, कोणीतरी बाजार केला असेल. बंदुकीला त्याचा हिशेब नसतो. अल्लाहकडे मात्र असतो.

आम्ही परतलो तेव्हा बकरी ईद तोंडावर आली होती. यांनी पदक आईच्या हातात दिले. तिने ते बघून परत केले आणि आधी पायांचे फोड दाखवायला लावले.

धावावेसे वाटणारे अनेक भाऊ आणि काही बहिणीही आता विचारतात, घर सांभाळून हे जमते का? जमते, पण घरच्यांना आधी विचारून. परीक्षा, आजारपण, रमजान, कर्ज, हे सगळे आधी कागदावर मांडावे. उरलेल्या जागेत सराव बसतो का ते पाहावे. बसत नसेल तर कमी अंतराची शर्यत आहेच. ह. आयेशा (रजि.) यांच्यासोबत प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे कधीतरी ते. घरातल्या माणसासोबत धावणे हीदेखील सुन्नतीतली गोष्ट आहे.

2025 ची कॉम्रेड्स 8 जूनला होती आणि आपल्याकडे बकरी ईद 7 जूनला. यांनी कॅलेंडर पाहिले आणि अर्ज केला नाही. त्या रविवारी सकाळी ते मुलीला घेऊन घाटाच्या पायथ्यापर्यंत दहा किलोमीटर धावून आले आणि मग कुर्बानीचे उरलेले वाटप केले.