पाचाडचा वाटाड्या

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही मुंबईस सहलीस गेलो होतो. गेटवे ऑफ इंडियापाशी मुले समुद्राकडे पाहत उभी असता एक वृद्ध परदेशी जोडपे लगबगीने तेथे आले. त्यांच्यासोबत एक मराठी वाटाड्या होता. ज्यांस हल्ली क्रूझ म्हणतात त्या पर्यटकांच्या भल्या मोठ्या जहाजांपैकी एक त्या दिवशी बंदरास लागले होते व सायंकाळी ते सुटावयाचे होते. तेवढ्या अवधीत सारी मुंबई पाहून घ्यावी म्हणून त्या उभयतांनी स्वतंत्र मोटार व स्वतंत्र वाटाड्या ठरविला होता. ही कमान १९२४ साली खुली झाली, असे वाटाड्या सांगत होता. बाई मन लावून ऐकत होत्या. आणि साहेब दर दोन मिनिटांनी मनगटावरील घड्याळ पाहत होते. पाच मिनिटांत ती मंडळी आली तशी निघूनही गेली. आम्ही मुलांकडे वळून म्हणालो, "पाहिलेत? शहर पाहावयास आले आणि घड्याळ पाहून गेले!" मुले खूप हसली. आम्हीही हसलो. शिक्षकाचा विनोद त्याच्या विद्यार्थ्यांत नेहमीच खपतो.

त्या हसण्याची फेड आम्हांस पुढे पाचाड गावी करावी लागली. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे मांडावी, या हेतूने हा लेख लिहीत आहो.

गेल्या हिवाळ्यात एका आप्ताच्या लग्नानिमित्त आम्ही सपत्नीक रत्नागिरीस निघालो होतो. वाटेत महाडास रात्रीचा मुक्काम पडला. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सायंकाळची होती. मधला दिवस मोकळा. महाडापासून पाचाड सुमारे २५ किलोमीटर, आणि पाचाड म्हणजे रायगडाचा पायथा. येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही वर्गात रायगड शिकवीत आलो. फळ्यावर त्याचा नकाशा काढीत आलो. परंतु रायगड आम्ही डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. विद्यार्थ्यांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

सकाळी नऊच्या सुमारास पाचाडास उतरलो. चार वाजता तेथून निघणे भाग होते. हाती सात तास. आम्ही घड्याळ पाहिले, आणि गेटवेपाशी पाहिलेले ते साहेब आम्हांस आठवले नाहीत, हेच नवल!

थांब्यापाशीच एक गृहस्थ उभे होते. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यास रुमाल, हातात काठी. "गड दाखवतो, गुरुजी," ते म्हणाले. आम्ही शिक्षक आहो हे त्यांनी कसे ओळखले, देव जाणे; बहुधा आमच्या छत्रीवरून. त्यांनी एक हजार रुपये सांगितले. आम्हांस इतिहास ठाऊकच होता. केवळ वाट दाखविण्याचे हजार कसले, असा विचार करून आम्ही घासाघीस केली व सातशेंवर सौदा तुटला. "तुमची मर्जी," इतकेच ते म्हणाले. मग गावाकडे हात करून म्हणाले, "आधी माँसाहेबांच्या समाधीचं दर्शन घेऊ, वाडा बघू, मग गडावर जाऊ. तशीच रीत आहे."

आम्ही उत्तर दिले, "वेळ थोडा आहे. पाचाडात काय पाहावयाचे? थेट गडावर चला."

ते काही बोलले नाहीत. चित दरवाज्यापासून पायऱ्या सुरू होतात, त्या आम्ही चढू लागलो. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत. १९९६ सालापासून हिरकणीवाडीहून पाळण्याची, म्हणजे रोपवेची, सोय झाली आहे व माणूस काही मिनिटांतच वर पोचतो. परंतु आमच्या वाटाड्यांचे म्हणणे असे की, चढताना पायांनी चढावे आणि उतरताना पाळण्याने उतरावे. चढल्यावाचून गड कळत नाही. आमच्या पत्नीने त्यास रुकार दिला, तेव्हा आम्हांस बोलण्यास जागा उरली नाही.

वाटेत ते माहिती सांगू लागले आणि आम्ही त्यांस दुरुस्त करू लागलो. ते म्हणाले, महाराजांनी हा गड मोऱ्यांकडून घेतला. आम्ही जोडले, "१६५६ साली. तेव्हा यास रायरी म्हणत." ते म्हणाले, फिरंग्यांनी तोफा डागून वरचे वाडे जाळले. आम्ही म्हणालो, "फिरंगी नव्हेत, इंग्रज, मे १८१८." असे चार-पाच वेळा झाले. हळूहळू त्यांचे बोलणे तुटक होत गेले व शेवटी ते मुकाट्याने पुढे चालू लागले. तेव्हा आमची पत्नी हळूच म्हणाली, "आपण पाहायला आलो आहोत की परीक्षा घ्यायला?" हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आम्ही कधी घातला नव्हता, त्याचे उत्तरही आम्हांस देता आले नाही.

अखेर एका वळणावर ते गृहस्थ थांबले. समोर उंच तट व बुरूज होते. "गुरुजी, महादरवाजा कुठे आहे, सांगा बघू."

आम्ही पाहिले. समोर काळा दगडच दगड. ज्या महादरवाज्याचे चित्र आम्ही शेकडो वेळा फळ्यावर काढले, तो आम्हांस सापडेना. ते हसले नाहीत. वीस-पंचवीस पावले पुढे नेऊन त्यांनी आम्हांस वळविले, तेव्हा दोन बुरुजांच्या कुशीत दडलेली ती कमान एकाएकी नजरेस पडली. "शत्रू इथवर आला तरी दार दिसत नाही," ते म्हणाले, "आणि दिसलं की वरून दोन्ही बुरूज त्याच्या डोक्यावर." आम्ही खिशातून वही काढली व लिहून घेतले. त्यांच्या मुद्रेवर किंचित समाधान उमटले. खरे सांगावयाचे तर उत्तम शिक्षकाची पद्धत हीच आहे: आधी प्रश्न, मग शोध, मग उत्तर. आम्ही ती प्रशिक्षण महाविद्यालयात पुस्तकातून शिकलो. त्यांस ती कोणी शिकविली?

वर पोचल्यावर हत्ती तलाव, गंगासागर तलाव व त्यालगतचे मनोरे पाहून आम्ही राजसभेत आलो. वाटाड्यांनी आम्हा दोघांस सिंहासनाच्या जागेसमोर उभे केले आणि ते स्वतः नगारखान्याच्या दरवाज्यात जाऊन उभे राहिले. मध्ये दोनशे फुटांहून अधिक अंतर. शनिवार-रविवार नसल्याने गर्दी नव्हती. प्रथम त्यांनी कागदाचा कपटा फाडला. तो आवाज आमच्या कानी आला. मग ते अगदी हलक्या सुरात काही बोलले, आणि प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला: "गुरुजी, बाई दमल्यात. त्यांना जरा सावलीत बसवा."

आम्ही वळून पाहिले. आमच्या पत्नीचा चेहरा उन्हाने लाल झाला होता व ती एका दगडास टेकून उभी होती. सकाळपासून आम्ही तिच्याकडे पाहिलेच नव्हते. आम्ही घड्याळ पाहत होतो.

सावलीत बसून पाणी पिताना बोलणे मोकळेपणाने सुरू झाले. त्यांचे वडील गडावर डोली वाहत असत. ते स्वतः नववीत असता शाळा सुटली. जे काही ठाऊक आहे ते वडिलांकडून, जुन्या माणसांकडून आणि गडावर येणाऱ्या अभ्यासकांच्या मागे मागे हिंडून मिळविलेले. बाजारपेठेचे उंच ओटे पाहताना आम्ही म्हणालो, "घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून हे इतके उंच बांधले, नाही का?" वर्गात आम्ही दरवर्षी हेच सांगत असू. ते म्हणाले, "लोक तसं सांगतात, गुरुजी. ओटे उंच आहेत एवढं खरं. कशासाठी, ते कुणी लिहून ठेवलेलं मला माहीत नाही." सांगीव गोष्ट कोणती आणि पाहिलेली कोणती, याचा विवेक त्या नववीत शाळा सुटलेल्या माणसापाशी होता, तो पदवीधर शिक्षकापाशी त्या घटकेस नव्हता.

आता आमच्यापाशी देण्याजोगे एकच होते, ते आम्ही दिले. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रज वकील राज्याभिषेकासाठी नजराणा घेऊन निघाला. मुंबईहून चौलापर्यंत तो जलमार्गाने आला व पुढे निजामपुरावरून पाचाडास पोचला. सोबत दुभाषी म्हणून नारायण शेणवी होते. ही हकीकत डॉ. जॉन फ्रायर याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासग्रंथात आली आहे. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा तो साहेब याच सभेत होता. दरवाज्यापाशी त्याने दोन लहान हत्ती पाहिले आणि इतक्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे, याचे त्यास मोठे आश्चर्य वाटले.

"पिल्लं असताना आणली असणार," वाटाडे चटकन म्हणाले. "दोन लहान हत्ती, असंच लिहिलंय ना त्यानं?" मग थोडा विचार करून त्यांनी विचारले, "पण तो साहेब पाचाडाला आल्या आल्या वर चढला का?"

"नाही. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते. ते परत येईपर्यंत त्यास पाचाडासच थांबावे लागले."

"म्हणजे राजाचा पाहुणा पाचाडात राहिला," ते हसून म्हणाले, "आणि आमच्या गुरुजींना पाचाडात बघायला काही नाही!"

वार झाला, पण प्रेमाचा. आम्ही हात जोडले.

मग जगदीश्वराचे देवालय, त्याच्या पायरीवर कोरलेले बांधकामप्रमुख हिरोजी इंदुलकर यांचे नाव आणि ३ एप्रिल १६८० रोजी ज्यांनी याच गडावर देह ठेविला त्या महाराजांची समाधी, ही पाहून आम्ही पाळण्याने खाली उतरलो. टकमक टोक राहिले. त्याची हळहळ वाटली नाही. कारण आता आम्हांस पाचाड पाहावयाचे होते.

गावात पडक्या तटाच्या आत जिजाबाईंच्या वाड्याची जोती आहेत. गडावरील थंड वारा वृद्धपणी मानवेना म्हणून त्यांच्यासाठी येथे वाडा बांधला, असे सांगतात. जवळच तक्क्याची विहीर आहे. तेथे पाठ टेकण्यासाठी घडविलेला दगडी तक्क्या असून, तेथे बसून पाणी भरावयास येणाऱ्या बायकांची विचारपूस होत असे, अशी लोककथा आहे. "ही पण सांगीवच हां, गुरुजी," वाटाड्यांनी आठवण दिली. शेवटी समाधीपाशी आलो. पुत्राचा अभिषेक पाहून दोन आठवडे लोटण्याच्या आतच, १७ जून १६७४ रोजी, त्या मातेने याच गावी प्राण सोडला. तेथून मान वर करून पाहिले, तो सारा रायगड समोर उभा. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा तो डोंगर सकाळी आम्हांस केवळ चढण्याची वस्तू वाटला होता. आता वाटले की, खाली राहून वर पाहणाऱ्या एका आईच्या नजरेने तो पाहिल्यावाचून पुरता पाहिला असे होत नाही. सकाळी प्रथम येथे नेण्याची त्यांची रीत कशासाठी होती, ते तेव्हा उमगले.

चार वाजत आले. आम्ही त्यांच्या हाती एक हजार रुपये ठेवले. नको-नको म्हणण्याचा शिष्टाचार त्यांनी केला नाही. नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि म्हणाले, "आता सकाळचा हिशेब मिटला." त्यांचा मिटला, आमचा मिटला नाही, म्हणून हे लिहिणे.

विद्यार्थी मित्रांनो, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसास्थळ म्हणून मान्य केले. त्यांत रायगड आहे. आता तेथे दूरदूरचे लोक येतील, आणि बहुतेकांच्या हाती आमच्याइतकाच थोडा वेळ असेल. थोडा वेळ असणे हा दोष नव्हे. जहाज बंदरात थांबते तेवढेच थांबणार. परंतु जो थोड्या वेळासाठी येतो, तो त्या गावाच्या माणसाचे डोळे उसने घेऊन पाहतो. ते उसने घेताना मोल कमी करू नये, आणि घेतल्यावर आपलेच डोळे पुढे पुढे करू नयेत. गेटवेवरील त्या बाई मन लावून ऐकत होत्या, हे आम्हांस तेव्हाही दिसले होते; पण आम्ही तुम्हांस साहेबांचे घड्याळ तेवढे दाखविले. तो धडा चुकीचा होता, आणि तो आम्ही येथे मागे घेतो.

पालकांस एक विनंती. येत्या वर्षीची शाळेची सहल रायगडास नेण्याचा आमचा विचार आहे. वर्गणीत वाटाड्यांचा मेहनताना धरला जाईल, आणि तो सांगितला जाईल तितकाच असेल. सकाळी प्रथम पाचाड पाहू, मग गड. त्या दिवशी शिकविण्याचे काम आमच्याकडे नाही. आम्हीही मुलांच्या रांगेत वही घेऊन उभे राहणार आहो.