'अप्पर वरळी'च्या खाली गाडलेले परळ

लोअर परळ म्हटले की आजच्या तरुणाला मॉल, पब, काचेची ऑफिसे आणि तीनशे रुपयांची कॉफी आठवते. बिल्डरांनी तर नावही बदलायला घेतले आहे. जाहिरातीत आता 'अप्पर वरळी' लिहितात. 'लोअर' हा शब्द गिऱ्हाइकाला खटकतो! वर-खालीची ही उतरंड या देशाच्या डोक्यातून जात नाही, ती अशी पत्त्यातही उतरते.

मागच्या महिन्यात आम्ही काही कार्यकर्ते हा सगळा भाग पायी फिरलो. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या गर्दीत उभी आहे. तरुण मुले तिच्यासमोर सेल्फी काढतात. धूर ओकणारी चिमणी आता शोभेची वस्तू झाली. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यातले हजारो पुन्हा कामावर गेलेच नाहीत. १९९१ च्या नियमाने या जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला आणि एक तृतीयांश म्हाडाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशोब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांच्या घरांची जमीन टॉवरखाली गेली ती अशी, कायद्याच्या वाटेने.

हा इतिहास पुरोगामी मंडळी आवर्जून सांगतात. पण त्यांच्या गिरणगावात फक्त 'कामगार' असतो, त्याला जात नसते. आमचा प्रश्न इथेच आहे. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. यंत्र विलायतेचे, विटाळ मात्र गावचाच! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाशी लढताना खांद्याला खांदा हवा आणि खात्यात मात्र विटाळ पाळायचा, ही कसली एकजूट?

म्हणून बाबासाहेब कामगार लढ्यापासून दूर गेले, असे मात्र नाही. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी स्पष्ट दाखवले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरले.

रेल्वेच्या पलीकडे परळमध्ये पाऊल टाकले की आपला इतिहास दर वळणावर भेटतो. बी.आय.टी. चाळीत १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. मूकनायक, महाड, गोलमेज परिषद, सगळे याच बिऱ्हाडाच्या काळातले. दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम उभे राहिले. याच परळमध्ये १० जानेवारी १९७४ ला पँथरच्या मोर्चावर वरून पाटा फेकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाले. 'ट्रेंडी मुंबई'ची माहिती देणाऱ्या कोणत्या पानावर हे वाचायला मिळते?

कोणी म्हणेल, जुने उगाळून काय मिळणार? त्याचे उत्तर आम्हाला एका मॉलच्या दारातच मिळाले. पिशव्या तपासणाऱ्या सुरक्षारक्षकाने आतली बाबासाहेबांची पुस्तिका पाहिली, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच 'जयभीम' म्हणाला. बारा तासांची ड्युटी, नोकरी ठेकेदाराकडची, डबा जिन्याखाली बसून खायचा. पहाटे काच पुसणाऱ्या, संडास धुणाऱ्या हातांची यादी काढा; त्यात आपली आडनावे किती आणि वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये किती, हे स्वतः मोजा. विणकाम खात्याचा दरवाजा गेला, पण भरती कोणत्या दाराने होते हा प्रश्न तसाच आहे. पूर्वी निदान युनियनपुढे तो मांडता तरी येत होता. ठेकेदारीने तेही तोंड बंद केले.

तेव्हा मित्रांनो, लोअर परळला जरूर जा. कॉफीही प्या, ती कोणाच्या बापाची मक्तेदारी नाही. पण जाण्याआधी आपल्या वस्तीतल्या गिरणीत राबलेल्या आजी-आजोबांकडे बसा. कोणती गिरणी, कोणते खाते, पगार किती, पाण्याचा माठ वेगळा होता का, हे विचारा आणि मोबाईलवर नोंदवून ठेवा. ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यामागे हे सांगायला ना युनियन येणार, ना बिल्डर. आमच्या गटाने परळ आणि वरळीच्या चाळींतून हे काम सुरू केले आहे. प्रत्येक वस्तीतून दोन जण निघाले तरी पुष्कळ होईल.

जयभीम!